पेटी खरी, बाटली भलतीच

ओसाकात आठ वर्षं काढली की आपल्याला इथलं सगळं कळतं असं वाटायला लागतं. मला ते वाटणं ३८,००० येनला पडलं.

बाबांच्या पंच्याहत्तरीला बिझेनची तोक्कुरी द्यायची होती. तोक्कुरी म्हणजे साकेची बाटली. बाबा साके पिणाऱ्यातले नव्हेत, पण सांगलीच्या घरी रोज एक जास्वंद कान तुटलेल्या कपात उभं असतं, आणि तोक्कुरीचा अरुंद गळा एका फुलाला अगदी बेताचा. बिझेन पद्धतीच्या मातीच्या भांड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावत नाहीत. ओकायामा प्रांतातल्या इंबे गावात ती लाल पाइनच्या लाकडांवर दहा-बारा दिवस भाजतात, बाराशे अंशांच्या वर. भांडं भट्टीत कुठे बसलं होतं आणि राख कुठून उडाली, त्यावर त्याचं रूप ठरतं. दुकानातल्या किमती बघून मी गुपचूप ऑनलाइन लिलावाकडे वळले.

तिथला मजकूर किती साधा होता बघा: 'आजोबांच्या कोठारातून निघालेली वस्तू. मला यातलं काही कळत नाही. पेटीसह. नो क्लेम, नो रिटर्न.' फोटोत किरीच्या लाकडाची पेटी, झाकणावर कुंचल्याने लिहिलेली अक्षरं आणि लाल शिक्का. छापील जपानी मी वाचते, कुंचल्याचं नाही. तरी तासभर खपून ती सही एका गॅलरीतल्या फोटोशी जुळवली. नावाजलेल्या कुंभाराची निघाली! मी स्वतःवरच इतकी खूश झाले की बाटलीकडे नीट बघायचंच राहिलं.

पार्सल आलं, पेटी उघडली, मन हरखलं. महिन्याभराने सुट्टीत इंबेला गेले तेव्हा मिरवायला ती सोबत नेली. स्टेशनाबाहेर पडलं की विटांची धुराडी दिसायला लागतात. एका छोट्या दुकानातल्या म्हाताऱ्या कुंभारबाबांसमोर पेटी ठेवली. त्यांनी आधी झाकण वाचलं. मग बाटली काढली, उलटी करून बूड पाहिलं, पुन्हा झाकण वाचलं आणि म्हणाले, "चोत्तो..." म्हणजे 'जरासं...'. पुढे काही नाही. जपानी माणूस 'चोत्तो' म्हणून थांबला की समजावं, आपलं काही खरं नाही.

झाकणावर लिहिलं होतं 'बिझेन हिदासुकी तोक्कुरी'. हिदासुकी म्हणजे भांड्याला भाताचा पेंढा गुंडाळून, राख लागू नये म्हणून दुसऱ्या भांड्यात झाकून भाजायचं. पेंढा जिथे टेकतो तिथे फिक्या अंगावर लाल रेघा उठतात. माझ्या बाटलीवर एकही रेघ नव्हती. होती ती राख. तिला ते 'गोमा' म्हणतात, म्हणजे तीळ. कुंभारबाबांनी शेल्फावरची एक बाटली माझ्या बाटलीशेजारी ठेवली. तिच्या एका खांद्यावर राख दाट, वितळून ओघळलेली. पाठ जवळजवळ कोरडी. जाळ एकाच बाजूने येतो ना! माझ्या बाटलीवर मात्र वडीवर तीळ पेरावेत तशी सगळीकडून सारखी. राख आधीच शिंपडून गॅसच्या भट्टीत भाजली असावी, असं ते हळूच म्हणाले. बुडावरची खूणही त्या कुंभाराची नव्हे. पेटी मात्र शंभर टक्के त्याचीच.

कुंभाराने स्वतः लिहिलेल्या पेटीला 'तोमोबाको' म्हणतात, भांड्याचा जन्मदाखलाच तो. दुसरीकडची जोडली की ती 'आवासेबाको'. सही असलेल्या रिकाम्या पेट्याही लिलावात विकल्या जातात, हे मला तिथे कळलं. विक्रेत्याने काय लिहिलं होतं? 'पेटीसह'. कुंभाराचं नाव त्याने कुठेच घेतलं नव्हतं, ते मी शोधून काढलं होतं. तक्रार केल्यावर दोन ओळींचं अतिशय नम्र उत्तर आलं: वर्णनाप्रमाणे पेटी दिलेली आहे. लिलाववाल्यांनीही तेच धरलं. पैसे गेले ते गेले.

माझी समजूत घालायला कुंभारबाबांनी 'एइनिन'च्या सुरईची गोष्ट सांगितली. कामाकुरा काळातली, म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वीची, म्हणून १९५९ साली सरकारने तिला 'महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती' हा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी प्रकरण फुटलं, ती आजच्या काळातल्या एका कुंभाराची करणी निघाली, आणि १९६१ मध्ये दर्जा काढून घ्यावा लागला. तिथे तज्ज्ञ फसले, म्हणून मला थोडं बरं वाटलं. थोडंच.

आता मी विकणाऱ्याला सरळ विचारते, 'तोमोबाको आहे का? याच भांड्याची?' उत्तर गोलमोल आलं की खिडकी बंद. बुडाचा आणि चारही बाजूंचा फोटो मागते, झाकणावरची अक्षरं आधी इथल्या शेजारणीकडून वाचून घेते. 'कोठारातून निघालेली' आणि 'मला कळत नाही' हे शब्द एकत्र दिसले की पुढे जातच नाही. ज्याला कळत नाही, त्याला सहीचा फोटो नेमका जवळून काढायचं बरं सुचतं!

बाबांना शेवटी इंबेतूनच एक लहान बाटली नेली, त्या म्हाताऱ्या कुंभारबाबांची, लाल रेघांची. लिलावातली माझ्या खिडकीत आहे, वाईट दिसत नाही. किरीच्या पेटीत दमटपणा शिरत नाही म्हणतात, तेव्हा त्या मोठ्या सहीखाली सध्या आईने पाठवलेला गोडा मसाला आहे.