अमेरिकन माणूस युरोपबद्दल बोलतो, युरोपियन अमेरिकेबद्दल: कोणाचं किती मनावर घ्यायचं?

अमेरिका की जर्मनी, या प्रश्नावर सध्या बऱ्याच घरांत चर्चा चालू आहे, ॲडमिशन दोन्हीकडे झालेली असते, पैशाचा हिशोबही कसाबसा बसवलेला असतो, आणि मग न्यू जर्सीचे काका फोनवर सांगतात की युरोप संपला आणि म्युनिकची ताई सांगते की अमेरिका संपली. दोघंही खोटं बोलत नाहीत बरं का. पण वर्षानुवर्षं तिथल्या बातम्या बघून आणि तिथल्या ऑफिसात बसून तिथल्या राजकारणाचा रंग आपल्या माणसांनाही चढतोच, त्यातल्या कित्येकांना अजून मतदानाचा हक्कही नाही तरी बाजू मात्र पक्की. म्हणून निर्णय घ्यायच्या आधी हे बघू की हे दोघे एकमेकांकडे मुळात बघतात कसे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: अमेरिकन माणूस युरोपबद्दल जे बोलतो त्यावरून तो कुठल्या पार्टीचा ते कळतं, युरोपबद्दल फारसं काही कळत नाही. आणि युरोपियन माणूस अमेरिकेबद्दल जे बोलतो त्यावरून व्हाइट हाउसमध्ये सध्या कोण बसलंय ते कळतं. दोन्ही मतं एकतर्फीच, पण एकतर्फीपणाची जात वेगळी, त्यामुळे कापायचं किती तेही वेगळं.

आधी अमेरिकन बाजू. तिथे युरोप म्हणजे घरातल्या भांडणात वापरायचा पुरावा. आपल्याकडे ‘शेजारच्या जोश्यांचा पोरगा बघ’ म्हणतात तसं, जोश्यांच्या पोराचं खरंच काय चाललंय याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, टोमणा आपल्याच पोराला मारायचा असतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये डेमोक्रॅटिक, म्हणजे तिथल्या डावीकडच्या, पार्टीच्या उमेदवारीच्या डिबेटमध्ये बर्नी सँडर्स म्हणाले डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेकडून शिका, हिलरी क्लिंटन म्हणाल्या आपण डेन्मार्क नाही. गंमत म्हणजे त्याच महिन्यात डेन्मार्कचे तेव्हाचे पंतप्रधान रासमुसेन हार्वर्डमध्ये जाऊन सांगून आले की बाबांनो, आमच्याकडे समाजवादी नियोजन वगैरे काही नाही, आमची मार्केट इकॉनॉमीच आहे. पण ऐकतो कोण. डाव्या अमेरिकनाला डेन्मार्कचा फुकट दवाखाना आणि फुकट कॉलेज दिसतं, तिथला २५ टक्के व्हॅट दिसत नाही जो गरीब माणूसही दुकानात भरतोच, आणि तिथे कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही, युनियन आणि मालक आपसात ठरवतात, हे तर त्याला सांगितलं तरी पटत नाही. उजव्याला तोच डेन्मार्क टॅक्सने मेलेला देश वाटतो, पण इमिग्रेशनचा विषय निघाला की त्याला डेन्मार्क एकदम आवडायला लागतो, कारण तिथे २०१९ मध्ये पंतप्रधान झालेल्या मेट्टे फ्रेडरिक्सन या सोशल डेमोक्रॅट, म्हणजे डावीकडच्या, आणि निर्वासितांच्या बाबतीत त्यांचं धोरण युरोपातल्या सगळ्यात कडक धोरणांपैकी. देश एकच आणि दोन्ही पार्ट्या आपापल्या सोयीचा तुकडा कापून नेतात.

उजवीकडच्यांचा नावडता युरोप आहे तसा लाडका युरोपही आहे हे आपल्याकडे कमी लोकांना माहीत असतं. नावडता म्हणजे पश्चिमेचा. २००३ मध्ये इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला तर अमेरिकन संसदेच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून फ्रीडम फ्राइज केलं होतं (२००६ मध्ये गुपचूप परत पहिलं नाव आणलं), आणि २००४ ला डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरींना फ्रेंच बोलता येतं म्हणून चिडवलं होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत ट्रम्प सभेत म्हणाले काल रात्री स्वीडनमध्ये काय झालं बघा, आणि अख्खा स्वीडन विचारत बसला की नक्की काय झालं. लाडका युरोप म्हणजे हंगेरी. फॉक्स न्यूजच्या टकर कार्लसननी २०२१ मध्ये आठवडाभर बुडापेस्टहून शो केला, २०२२ पासून अमेरिकन कॉन्झर्वेटिव्ह लोकांचं सीपॅक हे संमेलन तिथे भरायला लागलं. एक कोटीही लोकसंख्या नसलेला देश, पण तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बाननी तिथे जे केलं ते आमच्याकडे पाहिजे असं म्हणणारे टेक्साससारख्या राज्यात निघाले. थोडक्यात सँडर्सना जसा डेन्मार्क तसा यांना हंगेरी.

सगळ्यात मोठा घोळ गर्भपाताच्या विषयात. डेमोक्रॅट माणसाच्या डोक्यात युरोप म्हणजे मोकळा, पुढारलेला. पण २०२२ मध्ये ज्या केसवरून सुप्रीम कोर्टाने देशपातळीवरचा हक्क काढून घेतला ती मिसिसिपीची केस होती १५ आठवड्यांच्या मर्यादेची, आणि फ्रान्समध्ये मर्यादा १४ आठवड्यांची आहे, जर्मनीत १२ ची, वर आधी समुपदेशन सक्तीचं. रिपब्लिकन, म्हणजे उजवीकडच्या, लोकांनी हा मुद्दा जोरात वापरला, बघा म्हणे आम्ही तर तुमच्या लाडक्या युरोपसारखेच. त्याच फ्रान्सने २०२४ मध्ये हा हक्क थेट राज्यघटनेत घातला हे मात्र ते सांगत नाहीत, आणि मुदतीनंतरही तब्येतीच्या कारणाने तिथे परवानगी मिळते हेही नाही.

आता दुसरी बाजू, आणि इथे आकडेच बोलतात. प्यू रिसर्च ही सर्वेक्षण करणारी संस्था दरवर्षी विचारते की अमेरिकेचा अध्यक्ष जगाच्या बाबतीत योग्य तेच करेल असा भरवसा वाटतो का. जर्मनीत २०१६ ला ओबामांवर ८६ टक्के लोकांचा भरवसा, २०१७ ला ट्रम्पवर ११ टक्के, २०२१ ला बायडनवर ७८ टक्के. पाच वर्षांत अमेरिका काही तीनदा बदलली नव्हती, तेच रस्ते, त्याच युनिव्हर्सिट्या, तीच हॉस्पिटलची बिलं, फक्त माणूस बदलला. २००८ च्या जुलैमध्ये ओबामा नुसते उमेदवार असताना बर्लिनला भाषण करायला आले तर जवळजवळ दोन लाख लोक जमले, त्यातल्या बहुतेकांना अमेरिकेत मत नाही काही नाही. आवडत्या माणसाला माफीही पटकन मिळते. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंच्या फोनवर अमेरिकेने पाळत ठेवल्याचं २०१३ मध्ये बाहेर आलं ते ओबामांच्याच काळात, आरडाओरडा झाला आणि शमला. २०२१ मध्ये बायडननी ऑस्ट्रेलियाशी पाणबुड्यांचा करार करून फ्रान्सचं मोठं कंत्राट घालवलं, फ्रान्सने वॉशिंग्टनहून राजदूत परत बोलावला, तेही मिटलं. हेच ट्रम्पनी केलं असतं तर म्युनिकच्या ताईने तीन महिने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्या असत्या.

पण युरोप एक नाही, आणि ही गोष्ट अमेरिकन आणि आपण दोघंही विसरतो. पोलंडमध्ये २०२३ ला ९३ टक्के लोकांचं अमेरिकेबद्दल चांगलं मत होतं, कारण सोपं आहे, शेजारी रशिया. तिथले उजवे ट्रम्पवर खूष, २०१८ मध्ये तर अध्यक्ष दुदांनी अमेरिकन तळाला फोर्ट ट्रम्प नाव देऊ म्हणून ऑफर दिली होती, विरोधकांना ट्रम्प आवडत नाहीत, पण अमेरिकन सैन्य पाहिजे यावर दोघांचं एकमत. पश्चिमेकडे मात्र जर्मनीतल्या सीडीयूसारख्या जुन्या उजव्या पक्षाचा मतदारसुद्धा ट्रम्पचं नाव काढलं की नाक मुरडतो, ट्रम्पवर भरवसा ठेवणारे जास्त करून तिथल्याच एएफडीसारख्या कडव्या उजव्या पक्षांकडे सापडतात. २०२५ च्या फेब्रुवारीत उपाध्यक्ष व्हान्स म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत येऊन युरोपियनांना सुनावून गेले की तुम्हाला खरा धोका आतूनच आहे, आणि एएफडीच्या नेत्या वायडेलना भेटूनही गेले, त्यानंतर ही दरी अजून रुंद झाली. त्यातही हे प्रेम फार खोल नाही. त्याच महिन्यात फ्रान्सच्या उजव्या पक्षाचे बार्डेला अमेरिकेतल्या सीपॅकमध्ये बोलणार होते, ट्रम्पचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन यांच्या नाझी सलामीसारख्या हातवाऱ्यांवरून वाद झाला तर भाषणच रद्द केलं. ट्रम्पनी डेन्मार्कचं ग्रीनलँड मागितलं आणि टॅरिफ लावले त्यावर तर ‘माझा देश आधी’ म्हणणाऱ्यांची पंचाईतच झाली, कारण दुसऱ्याचाही देश आधीच असतो ना.

पार्टीचं लेबल इकडून तिकडे लावायला गेलं की काय होतं ते आपल्याच माणसांवर बघा. लिओ वराडकर, वडील मालवणजवळच्या वराड गावचे, आयर्लंडचे पंतप्रधान झाले ते फिना गेल या उजवीकडे झुकलेल्या पक्षाकडून, स्वतः उघडपणे गे, आणि २०१८ च्या गर्भपाताच्या सार्वमतात हक्काच्या बाजूने उभे राहिले. अमेरिकेत असते तर? रिपब्लिकन पार्टीत तिकीट मिळालं नसतं असं मला वाटतं. अंतोनियो कोस्ता, घराणं मूळ मडगावचं, पोर्तुगालच्या समाजवादी पक्षाचे, पण २०१९ मध्ये देशाच्या लोकशाहीच्या काळातलं पहिलं शिलकी बजेट यांच्याच सरकारचं. आता ते युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. आणि बेळगावकडचे श्री ठाणेदार डेट्रॉइटहून डेमोक्रॅट खासदार. या तिघांना एका टेबलावर बसवलं तर डावा कोण उजवा कोण हे ठरवता ठरवता जेवण संपेल.

एक तक्रार मात्र पार्टीच्या पलीकडची आहे, ती खरी धरा: संरक्षणाचा खर्च. युरोप अमेरिकेच्या जिवावर निवांत बसतो हे ट्रम्पनी शोधून काढलेलं नाही, २०११ मध्ये ओबामांचेच संरक्षणमंत्री गेट्स ब्रसेल्सला जाऊन हेच बोलले होते, ओबामा स्वतः २०१६ मध्ये फुकटे देश म्हणून वैतागले होते. २०२५ च्या जूनमध्ये नाटो देशांनी २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्क्यांपर्यंत जायचं कबूल केलं. म्हणजे काका यावर बोलले तर ऐकून घ्या, बाकी युरोपच्या रस्त्यांवर काय चाललंय ते मात्र त्यांच्याकडून नको.

मग निर्णयाचं काय? दोन्हीकडे कुठली गोष्ट निवडणुकीने हलते आणि कुठली हलत नाही हे वेगळं करा. अमेरिकेत हलणारी गोष्ट म्हणजे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका आदेशाने नव्या अर्जावर १ लाख डॉलर फी आली, ती कोणाला लागते कोणाला नाही हे नीट वाचून घ्या. न हलणारी म्हणजे ग्रीन कार्डची एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन सगळे आले, भारतीयांची लाइन तशीच, त्यामुळे ‘डेमोक्रॅट आले की सगळं सुरळीत होईल’ हे काकांच्या पार्टीप्रेमाचं बोलणं आहे. जर्मनीत २०२४ मध्ये नागरिकत्वाची अट ८ वर्षांवरून ५ वर आली, काहींना ३ वर्षांत मिळायची सोय होती ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काढली, ५ ची राहिली. २०२५ च्या निवडणुकीत एएफडी २०.८ टक्के घेऊन दुसऱ्या नंबरवर, हे ताई घाईघाईत सांगून पुढे जाते. आणि भाषेची अट कुठलंही सरकार आलं तरी सुटणार नाही.

मला विचाराल तर युरोपियन माणसाचं अमेरिकेबद्दलचं मत मी थोडं तरी जमेस धरेन, फक्त ते कुठल्या वर्षीचं आहे ते बघून, कारण वॉशिंग्टनमध्ये काही झालं की त्याची झळ त्याला खरंच लागते. अमेरिकनाचं युरोपबद्दलचं जवळजवळ सोडून देईन. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या देशाबद्दल विचारा, नोकरी गेल्यावर एच-वन-बीवर ६० दिवसांत दुसरी मिळवायला काय करावं लागलं, जर्मनीत जर्मन कुठल्या लेव्हलला आल्यावर मुलाखतीची बोलावणी यायला लागली. अमेरिकेत पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२८ च्या नोव्हेंबरमध्ये आहे, जर्मनीत ठरल्या वेळी झाली तर २०२९ च्या सुरुवातीला, म्हणजे आत्ता शिकायला जाणाऱ्याची नोकरी कुठे जेमतेम लागत असेल आणि दोन्हीकडे माणसं बदलायची वेळ आलेली असेल.