स्क्रूचे पैसे घेतले आणि खिळे ठोकले, किचनचं काम करून घेणाऱ्यांनी वाचा

भांडुपला आमचा वन बीएचके आहे, गेल्या डिसेंबरमध्ये किचन करून घेतलं. ठेकेदाराने मटेरियल सकट रेट दिला, वर म्हणाला ताई सगळं स्क्रूचं काम, खिळा एकही नाही. स्क्रूचे डबे पण आणून दाखवले, दीड इंची, आठ नंबर. मी आणि मिस्टर दोघंही दिवसभर ऑफिसला, घरी फक्त सासूबाई. त्या म्हणायच्या दिवसभर हातोडीचा आवाज असतो गं, मला वाटलं सुतारकाम म्हणजे ठोकाठोक असणारच. तिथेच मी चुकले.

जुलैमध्ये ओव्हरहेडचा, म्हणजे ओट्यावरच्या भिंतीवरल्या कपाटाचा, तळ निसटला, स्टीलचे डबे, कुकर, सगळं ओट्यावर. सासूबाई दोन मिनिटं आधी तिथून उठल्या होत्या, आजही आठवलं तरी छातीत धस्स होतं.

दुसऱ्या सुताराला बोलावलं, त्याने निसटलेली फळी उलटी करून दाखवली. तळाची फळी खालून वर खिळे मारून लावलेली, म्हणजे डब्यांचं सगळं वजन खिळ्याला सरळ खाली ओढणारं. खिळा आडवा भार बऱ्यापैकी सोसतो, पण सरळ ओढला की सुटतो, कारण तो नुसत्या घर्षणावर धरलेला असतो, स्क्रूसारखे आटे नसतात ना त्याला. त्यात प्लायच्या कडेत मारलेला, तिथे तो थरांच्या मधे घुसतो आणि पकड आणखी कमी. आणि मुंबईचा पावसाळा, लाकूड फुगतं, मग सुकतं, दरवर्षी खिळा थोडा थोडा सैल होतो. खिळ्यांची डोकी लांबीने (पुट्टीने) बुजवून वर सनमायका, बाहेरून कळणार कसं.

पण मला जास्त राग आला तो बिजागऱ्या बघून. तिथे स्क्रू होते, पण हातोडीने ठोकून बसवलेले! शेवटचे दोन आटे फक्त ड्रायव्हरने फिरवायचे, वेळ वाचतो. अशाने आटे लाकूड कापत जात नाहीत, आजूबाजूचे रेशे फाडतात, आणि स्क्रू असून खिळ्यापेक्षा फार बरा राहत नाही. त्या सुताराने ड्रायव्हर लावला तर स्क्रू नुसता गोल फिरत राहिला, आणि डोक्यावरची प्लसची खाच चेपलेली. तुमच्याकडे पण एखादा दरवाजा लोंबकळत असेल तर हे बघा आधी.

खिळा वाईट असतो असं नाही हां, पट्टी मारायला, फेव्हिकॉल सुकेपर्यंत धरून ठेवायला सगळेच वापरतात. पण वजन लटकणाऱ्या जागी स्क्रूच हवा, तोही आधी ड्रिलने बारीक भोक पाडून, नाहीतर प्लाय फुटते. म्हणून सनमायका लागायच्या आधी एकदा सुट्टी काढून घरी थांबा, प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या, आणि शक्य असेल तर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन स्क्रू स्वतः आणा आणि रोज संध्याकाळी डब्यात किती उरले ते बघा. आमचे स्क्रूचे डबे तर ठेकेदार जाताना घेऊन गेला, जवळजवळ भरलेले.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो पावसात लाकूड फुगतंच ताई, त्यानंतर फोन उचलला नाही. पैसे पूर्ण देऊन बसलो होतो, दहा-पंधरा हजार तरी पावसाळ्यापर्यंत अडकवून ठेवायला हवे होते.

परवा कळलं, आमच्याच बी विंगमध्ये त्याचं काम चालू आहे. मी त्याच संध्याकाळी जाऊन त्या काकूंना सांगितलं, अजून सनमायका लागलेला नाही, उद्या सकाळीच एक फळी खोलून घ्या.