अबॅकस की मल्लखांब?

दुसरी-तिसरीतल्या पोराला शाळेनंतर कुठं घालायचं, ही चर्चा आमच्या ओळखीत तरी शेवटी या दोन नावांवर येऊन अडते. बुद्धिबळ चांगलंच, पण घरात दुसरा खेळणारा लागतो. शाळेत कब-बुलबुल, म्हणजे स्काउट-गाइडमधला छोट्यांचा गट, असेल तर फार विचार न करता नाव द्या. ते पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच आहे आणि खिशाला जड नाही.

आमची थोरली अबॅकसला जायची, धाकटा मल्लखांबाला जातो. त्यामुळं दोन्हीकडं स्टँडला गाडी लावून बाहेर ताटकळलोय.

अबॅकसबद्दल वाईट बोलणार नाही. मण्यांच्या पाटीवर दर दांडीला वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे, आणि बाकी सगळा खेळ ‘मित्रांचा’. आठात सात मिळवायचे तर सातचा मोठा मित्र तीन (दोघं मिळून दहा), म्हणून खालचे तीन मणी काढायचे आणि डावीकडच्या दांडीवर एक चढवायचा. झाले पंधरा. काही महिन्यांनी पाटी बाजूला ठेवून पोरगी हवेतच बोटं हलवायला लागली, तेव्हा मलाही कौतुक वाटलं. शाळेत मात्र बाईंना हातचा मांडलेला हवा असतो, नुसतं उत्तर लिहिलं की गुण जातात. ते एक वेळ समजावता येतं.

मला नकोसं झालं ते शीटचं प्रकरण. क्लास आठवड्यातून एकदाच, पण रोज घरी शीट सोडवायची आणि तीही वेळ लावून. म्हणजे शाळेचा अभ्यास संपला, जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधीच मोबाइलचा टायमर सुरू. एक जण शेजारी बसणार, वेळ लिहिणार, खाली सही करणार. पोरगी पेंगायला लागली की गणितं चुकणार, चुकली की आई चिडणार, मग मी मध्ये पडणार. एखाद्या रविवारी पाहुणे आले की सोमवारी दोन शीटा. फी आपण भरायची आणि शिकवणीही आपणच घ्यायची, हे गणित मला कुठल्याच पाटीवर सुटलं नाही. ज्यांच्याकडं आजोबा निवृत्त आहेत आणि हौशी आहेत, त्यांचं वेगळं.

मल्लखांबाचाही त्रास आहे. पुरलेल्या खांबाला एरंडेल चोपडलेलं असतं. चड्डीचा तो वास एका धुण्यात जात नाही, आणि नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या सोलापुरात हे बारीकसारीक दुखणं नव्हे. सुरुवातीला अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेला विळखा, बसत नाही. धाकटा मांड्यांनी खांब धरायचा आणि सावकाश घसरत खाली यायचा, पुन्हा धरायचा. घोट्याजवळची सालं निघाली, आजीनं हळद लावली आणि चार शब्द मला सुनावले. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं, म्हणून सराव सकाळी लवकर, उठवणं आपल्याकडं.

पण मैदानातलं मैदानातच राहतं. घरी काही आणायचं नाही, सही नाही, टायमर नाही. आपली पाळी येईपर्यंत पोरं रांगेत बसून मराठीत सुरू केलेलं भांडण तेलुगूत संपवतात. रात्री साडेनवाला गडी झोपलेला असतो. वर्षभरात तो अंगानं आटोपशीर झाला, जेवायला लागला. मोजमाप काही केलेलं नाही, पण आईला विचारा. दहावीच्या क्रीडागुणांचा हिशेब पहिलीतच मांडणारे पालक तिथंही भेटतात, त्यांच्यापासून जरा लांब बसावं.

तुमचं पोर मुळात एका जागी बसणारं असेल, आकड्यात रमत असेल, तर अबॅकस त्याला मानवेलही. फक्त नाव घालण्याआधी रोज किती शीटा, आणि पुढच्या लेव्हलची परीक्षा-पुस्तकांची फी धरून एकूण किती, हे स्पष्ट विचारा. मल्लखांबाच्या ठिकाणी खाली गादी नीट आहे का, नवी पोरं मोठ्यांपासून वेगळी घेतात का, हे तासभर उभं राहून बघा. मुलगी असेल तर दोरीचा मल्लखांब कोण शिकवतं तेही विचारा, तिथं तेलाची भानगड नसते. आणि जानेवारीत सुरू करणार असाल तर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकू द्या. होम मैदानाकडच्या गर्दीत पहिलाच आठवडा बुडतो.