तिसऱ्या दिवशी उतरलेली सूज

आमची मुलगी साडेतीन वर्षांची असताना सकाळी उठल्यावर लंगडू लागली. तासाभराने अंग मोकळे झाले की ती पुन्हा हुंदडत असे, त्यामुळे दोन महिने आम्ही ते कुठेतरी पडल्याचे दुखणे समजत राहिलो. पुण्यातील तज्ज्ञ डॉक्टरांनी बालसंधिवाताचे निदान करून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे सांध्यांची सूज आटोक्यात ठेवणारे औषध, सोबत फॉलिक ॲसिड आणि दर तीन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी असा उपचार ठरवून दिला. या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज न दुखता, डोळा लालही न होता वाढू शकते, म्हणून ही तपासणी चुकवू नका, असे त्यांनी बजावले होते. औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतील, हेही सांगितले होते. आमची फसवणूक झाली ती नेमकी याच दोन-तीन महिन्यांत.

आठवड्याच्या औषधानंतर तिला मळमळे, ती जेवत नसे आणि गुडघ्याची सूज तशीच होती. अशा वेळी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तालुक्याच्या गावी बसणाऱ्या एका माणसाचे नाव सुचवले. त्यांचे स्वतःचे गुडघे त्याच्या पुडीने दुखायचे थांबले होते. तो स्वतःला वैद्य म्हणवत असे, मात्र भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र नव्हते. महिन्याचे साडेतीन हजार रुपये रोख, पावती नाही, पुडीवर नाव नाही. ‘इंग्रजी औषध चालू ठेवले तर माझी जबाबदारी नाही,’ एवढी एकच अट त्याने घातली आणि आम्ही ती मान्य केली.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुडीचा गुण येणार नाही अशी समजूत करून घेतलेला माणूस गुण आला की हमखास फसतो. मुलगी धावू लागली, मागून मागून जेवू लागली, गाल भरले, आणि आम्ही पेढे वाटले. पुण्याच्या दोन तपासण्या आम्ही चुकवल्या. चौथ्या महिन्यात गल्लीतल्या औषध दुकानदाराने तिचा गोल झालेला चेहरा पाहून ‘हिला स्टेरॉइड चालू आहे का?’ असे विचारले, तेव्हा आमचे डोळे उघडले: पुडीत सूज झटकन उतरवणारे स्टेरॉइड मिसळलेले असणार.

संतापाच्या भरात आम्ही त्याच रात्री पुड्या बंद केल्या आणि तिथे दुसरी चूक झाली. बाहेरून बरेच दिवस स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणाचा ताण पेलायला लागणारे संप्रेरक, बनवणे कमी करते. ते स्टेरॉइड एकदम थांबले तर साधा तापही जिवावर बेतू शकतो. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, ती निपचित पडली आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. रक्तातील कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतेच. डोळे तपासल्यावर उजव्या डोळ्यात सूज निघाली. मग डॉक्टरांनी मोजून दिलेले स्टेरॉइड हळूहळू कमी करत आणण्यातच पुढचे कित्येक महिने गेले, आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

संधिवात बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे; पण या माणसाने जाहिरात कधी केलीच नाही, त्याचे काम बरे झालेल्या गुडघ्यांच्या तोंडून चालत होते. म्हणून ज्यांच्या घरी अशी बिननावाची पुडी सध्या चालू असेल, त्यांनी ती स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता त्याच दिवशी मुलाला आणि पुडीला घेऊन डॉक्टरांकडे जावे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायलाही ती पुडीच लागते. आमच्याकडे नऊ पुड्या उरल्या होत्या. त्या मी त्या रात्री मोरीत ओतल्या.