गॅलरीतला कढीपत्ता, दहा महिन्यांनंतर

भाजीवाला कोथिंबिरीबरोबर कढीपत्त्याची काडी फुकट देतो, मग कुंडी कशाला अडवायची? वासासाठी. झाडावरून थेट फोडणीत पडलेल्या पानाचा घमघमाट फ्रिजमध्ये चार दिवस पडलेल्या काडीला येत नाही. बिघडतं ते मात्र बहुतेक वेळा पाण्यानंच.

कुंडी 12 इंची घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. कोकोपीट मुंबईच्या पावसात ओलंच राहतं, मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडून गळतात. जून ते सप्टेंबर खालची ताटली काढूनच ठेवा. ऊन निदान पाच तास हवं. उत्तरेच्या गॅलरीत नुसती उंच काटकी होते. पानं ओरबाडू नका, कात्रीने शेंडा कापा. कापल्या जागेखालून नवे फुटवे येतात आणि झाड झुडपासारखं भरतं.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि फांदी साफ करते. एखादी फांदी तिच्या नावावर सोडायला हरकत नाही.

फोडणीला पानं पुसून कोरडी करा. मोहरी तडतडली की गॅस बारीक, मग हिंग, मग पानं, लगेच कढी. पानं तपकिरी झाली तर कडवट लागतात.

खरा वसूल चटणीत. दोन वाट्या पानं धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा. उन्हात रंगही जातो, वासही. चमचाभर तेलात मंद आचेवर, हातात चुरली जातील इतकी परता. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे तीळ आणि सहा सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजा. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ आणि चमचाभर आमचूर घालून भरड वाटा. गरम वाटली तर वाफ धरून गोळा होतो, मग खवट वास येतो. ताटाच्या कडेला पानं काढून ठेवणारेसुद्धा ही चटणी भाकरीबरोबर मुकाट खातात.

केसांच्या तेलालाही तोच नियम. 200 मिली खोबरेल, मूठभर सुकी पानं, मंद आच. बुडबुडे थांबले की उतरवा, गार झालं की गाळा. ओली पानं घातली तर तेल लवकर खराब होतं. वास छान येतो. पिकलेले केस काळे होतील ही आशा सोडा.