घरी बनवलेल्या सिंथ फिल्टरचं पॅनेल: 8 एचपी की 12 एचपी?

युरोरॅकमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल एका चौकटीत बसवून केलेल्या सिंथमध्ये, पॅनेलची उंची ठरलेलीच असते, 128.5 मिमी. त्यातले वरचे आणि खालचे साधारण दहा-दहा मिमी रुळांसाठी सोडले की ठरवायची उरते ती रुंदी. ती एचपी या एककात मोजतात: 8 एचपीचं पॅनेल 40.3 मिमी रुंद, 12 एचपीचं 60.6 मिमी. या दोन सेंटिमीटरमध्ये मुख्यतः कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापू लागतो ती वारंवारिता) आणि त्याचा कंट्रोल व्होल्टेज (बाहेरून येऊन कटऑफ हलवणारा) यांचीच सोय व्हायला हवी. बाकीच्या गोष्टी तडजोडीत बसतात.

कटऑफ

20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ म्हणजे जवळजवळ 10 सप्तकं. पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) सुमारे 300 अंश फिरतं, म्हणजे एका सप्तकाला 30 अंश आणि एका अर्धस्वराला फक्त अडीच. आवाज उघडत-मिटत नेण्यासाठी हे छान आहे. पण रेझोनन्स (कटऑफपाशीच्या आवाजाला दिलेला जोर) वाढवून फिल्टर स्वतःच वाजू लागला आणि त्याला सुरात लावायचं म्हटलं, की अडीच अंशांत सूर धरणं बोटांना जमत नाही.

8 एचपीमध्ये यावर साधा इलाज: वर मधोमध 25 मिमीचा मोठा नॉब. 12 एचपीमध्ये त्याच्या शेजारी फाइन नॉब बसतो. सर्किटमध्ये 1 व्होल्ट प्रति सप्तकाचं इनपुट (1 व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो) 100 के (किलोओहम) रेझिस्टरमधून येत असेल, तर ±12 व्होल्टमध्ये जोडलेल्या कटऑफ पॉटच्या मधल्या पायापासून 240 के लावा. पूर्ण फेरीत 10 सप्तकं मिळतात. फाइनसाठी तीच जोडणी 2.4 मेग (मेगओहम) घालून करा. पूर्ण फेरीत एक सप्तक येतं, म्हणजे एका अर्धस्वराला 25 अंश.

दोन्ही पॉट लिनियरच (फेरीभर सारखं बदलणारी) हवीत. घातांकी रूपांतर सर्किट स्वतः करतं. त्यावर लॉग पॉट लावलं तर जवळपास सगळा बदल फेरीच्या एका टोकाला गोळा होतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर मधल्या पायापासून ग्राउंडला 100 नॅनोफॅरड लावा. हा कपॅसिटर फक्त नॉबच्या वाटेवर असतो, त्यामुळे बाहेरून येणारा व्होल्टेज मंदावत नाही.

कंट्रोल व्होल्टेज

1 व्होल्ट प्रति सप्तकाच्या जॅकला नॉब देऊ नका. तो थेट 1 टक्क्याच्या 100 के रेझिस्टरला जातो. मध्ये पॉट आलं की सूर बिघडतो. प्रश्न आहे तो एन्व्हलप (स्वरासोबत चढून उतरणारा व्होल्टेज) किंवा एलएफओ (संथपणे वरखाली होणारा व्होल्टेज) यांच्यासाठीच्या दुसऱ्या जॅकचा.

साधा अटेन्युएटर, म्हणजे येणारा व्होल्टेज कमी करणारा नॉब, हे एक लिनियर 100 के पॉट असतं. त्याच्यापुढे 100 के इनपुट असेल तर मध्यावर 50 नव्हे, 40 टक्के व्होल्टेज मिळतो. कानाला याचा त्रास होत नाही. नॉब पूर्ण डावीकडे नेला की मॉड्युलेशन (बाहेरच्या व्होल्टेजमुळे होणारा बदल) नक्की बंद.

व्होल्टेज कमी करण्यासोबत उलटाही करणाऱ्या अटेन्युव्हर्टरला एक ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) आणि दोन सारखे 100 के रेझिस्टर जास्त लागतात. मध्यावर शून्य, डावीकडे उलट, उजवीकडे सरळ. एन्व्हलप उलटा देऊन कटऑफ खाली ओढता येतो, आणि फिल्टरमध्ये ही सोय खरोखर वापरली जाते. अडचण शून्याची: मध्यावर खटका असलेलं पॉट घेतलं तरी विद्युत मध्य नेमका तिथेच असेल असं नाही, आणि थोडंसं मॉड्युलेशन गळत राहतं.

8 एचपीत फाइन नॉबला जागा नसेल तर याच अटेन्युव्हर्टरला ते काम देता येतं. +12 व्होल्टवरून 22 के आणि 1 के यांचा विभाजक करा, त्यातून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. तो जॅकच्या स्विच असलेल्या पायाला (केबल नसतानाच जोडलेला राहणारा पाय) जोडा. केबल नसताना नॉब वरखाली अर्धं-अर्धं सप्तक फिरवतो. केबल लावली की ही सोय जाते. लहान पॅनेलसाठी हा सौदा चांगला आहे.

रेझोनन्स आणि मोड

रेझोनन्सचा नॉब एकच, दोन्ही पॅनेलवर. फिल्टर फेरीच्या अगदी शेवटी एकदम शिट्टी मारू लागत असेल तर दोष पॉटच्या वळणाचा (फेरीसोबत मूल्य कसं बदलतं त्याचा) आहे. दुसऱ्या वळणाचं पॉट लावून पाहा, आणि कमाल मर्यादेचा ट्रिमर (एकदाच जुळवून ठेवायचं छोटं पॉट) मागच्या बोर्डवर ठेवा. त्याला पॅनेलवर जागा नको.

स्टेट व्हेरिएबल फिल्टर (एकाच सर्किटमधून अनेक प्रकारचं गाळण देणारा) असेल तर मोडसाठी स्विच लावण्यापेक्षा लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा), बँड-पास (मधले) आणि हाय-पासला (वरचे) वेगवेगळे जॅक द्या. तिन्ही आवाज एकाच वेळी मिळतात. पण ऑडिओ आणि कंट्रोल अशी दोन इनपुट आणि 1 व्होल्ट प्रति सप्तकाचा जॅक धरून सहा जॅक होतात, आणि 8 एचपीचा खालचा अर्धा भाग त्यांनीच भरतो.

जोडणी

9 मिमीची बोर्डवर बसणारी पॉट वापरली तर तारा जवळजवळ संपतात, पण चूक महाग पडते. आधी पॉट आणि जॅक बोर्डमध्ये नुसते घाला, पॅनेल चढवा, सगळे नट आवळा आणि मगच सोल्डर करा. आधी सोल्डर केलं की एखादं पॉट अर्धा मिमी तिरकं बसतं आणि पॅनेल जातच नाही. या पॉटना साधारण 7 मिमीचं भोक लागतं, 3.5 मिमीच्या जॅकना सहाच्या जरा वर. पॅनेल 2 मिमी अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. 3 मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये जॅकच्या नटाला धरायला आटे पुरत नाहीत.

12 एचपीत तारांनी जोडलेली 16 मिमीची पॉटही मावतात, आणि आराखडा नंतर बदलता येतो. मात्र रेझोनन्सच्या तारा आउटपुटच्या तारेजवळून नेऊ नका, नको तिथे गुणगुण सुरू होते.

भोकं पाडण्याआधी

आराखडा मूळ मापात कागदावर छापा, पुठ्ठ्याला चिकटवा, नॉब आणि जॅक त्यात खोवा आणि सगळ्या जॅकना केबल लावा. आता कटऑफ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. दोन नॉबच्या केंद्रांमध्ये 20 मिमी अंतर पुरतं, पण बोटं केबलला घासत असतील तर 12 एचपी घ्या.