दोन चेखव्हकथा : सामूहिक वाचनासाठी कोणती?

ठाण्यातल्या आमच्या वाचक मंडळापुढे रशियन लेखक आंतोन चेखव्हच्या दोन कथांचा पर्याय आहे. १८८६च्या ‘तोस्का’ (इंग्रजीत ‘मिझरी’) या कथेत पीटर्सबर्गचा घोडागाडीवान आयोना मुलाच्या मृत्यूचे दुःख प्रवाशांना सांगू पाहतो. लष्करी अधिकारी डोळे मिटून घेतो, तीन तरुण त्याच्यावर खेकसतात, आणि अखेर तबेल्यात गवत चघळत मालकाच्या हातांवर उष्ण श्वास सोडणाऱ्या घोडीपाशी तो सारे बोलून टाकतो. लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून मुक्याने प्रवास करणाऱ्या आपल्याला हे एकटेपण परके वाटू नये.

१८९८च्या ‘गूजबेरी’त निकोलाय पैपै साठवून मळा घेतो आणि आपल्या झुडपांची आंबट, कडक फळे मिटक्या मारत खातो. त्याचे हे सुख पाहून भाऊच निराश होतो. मात्र त्याने कळवळून सांगितलेली हकीकत ऐकणाऱ्या दोघांना भिडत नाही. इथे श्रोते आहेत, तरी संवाद नाही, आणि मला हे अधिक भेदक वाटते.

तरीही मोठ्याने वाचायला मी आयोनाचीच कथा निवडेन, कारण ती आटोपशीर आहे आणि ती ऐकताना आपण त्याचे पहिले श्रोते होतो. ‘गूजबेरी’ घरी, सावकाश वाचावी.